पुढला पंखा कोंडला

१

वहिनीचा कॉम्प्युटर चालू झाला की घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. खोटं नाय बोलत. शेजारची जनाबाई एकदा पायलीभर तांदूळ घेऊन दारात उभी राहिली, पीठ कधी मिळंल विचारायला. आता आमच्याकडं नवी गिरणी आलीय असं तिला मीच सांगितलेलं, ती गोष्ट वेगळी.

आमी धसईचे. मी भावेश, घरात भाव्या. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं परत पाठवलं. मंग मुरबाडला एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं सहा महिने होतो. तिथं सोल्डर मारायला शिकलो. मालकाच्या खुर्चीला बारकासा करंट सोडला म्हणून घरी आलो. ही २००६ सालची गोष्ट, उन्हाळ्यातली.

दादा मुरबाडला कंपनीत पाळीला जायचा. वहिनीनं लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिनं दादाच्या मागं लागून एक जुना कॉम्प्युटर आणायला लावला आणि पुढच्या खोलीत लग्नपत्रिका टाईप करून मांडायचं काम सुरू केलं. कॉम्प्युटरच्या डब्याला तीन पंखे. मागल्याचं तोंड खिडकीकडं, बाजूच्याचं मोकळ्या खोलीकडं, पुढल्याचं झोळीकडं.

झोळीत तनू, माझी पुतणी. पाच महिन्यांची. वहिनी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि टाईप करता करता झोका द्यायची. पण त्या घरघरीत पोरगी दहा मिनिटं टिकायची नाय.

"भाव्या, गावभर सांगतोस मला सगळं येतं. मंग हा आवाज कमी कर की," वहिनी बोलली.

"केला तर मला काय?"

"जेवायला मिळंल."

मी खटके बनवले. मोडक्या टेपरेकॉर्डरमधून तीन काढले, साबणाच्या डबीला भोकं पाडून बसवले, एका पंख्याला एक. खटका वर केला की पंखा फुल, खाली केला की हाफ, मधी ठेवला की बंद. हाफची युक्ती सोपी आहे. पिवळी वायर बारा व्होल्टची, लाल पाचची. पंखा दोघींच्या मधी जोडला की त्याला सातच मिळतात. सातवर पंखा नुसता कुजबुजतो.

पहिल्या दिवशी तनू तीन तास झोपली. वहिनीनं मला अंड्याची पोळी करून घातली. एवढा मान मला त्या घरात परत कधी मिळाला नाय.

२

हातात खटका आला की मला गप्प बसवत नाय. डबीतून एक वायर खिडकीबाहेर काढली आणि तिच्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण लावलं.

वैशाखऱ्याहून देवजीकाका आले, पोरीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला. ते 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचायला लागले की मी बाहेरून बटण दाबायचो. तिन्ही पंखे एकदम बोंबलायचे. काका थांबले की पंखे गप्प. चौथ्या वेळी काकांनी चष्मा काढला.

"सूनबाई," ते बोलले, "तुझ्या या डब्याला आमचं स्थळ पसंत दिसत नाय."

वहिनीनं खिडकीतून हात घालून माझा कान पकडला. मी आईची शपथ घेऊन सांगितलं की माझा काय संबंध नाय. माझ्या हातात बटण होतं तरी सांगितलं.

त्या खेळात मला एक गोष्ट कळली. पंखा हाफवर असताना त्याच्या तोंडापुढं कोण आलं तर आवाज कोंडतो. डोक्यावरून गोधडी घेऊन कोणी बोलावं, तसा. बाजूला झालं की मोकळा. फुलवर हे कळत नाय, तिथं सगळा घरघराटच. पण हाफवर मी डोळे मिटून सांगायचो, आता मागल्यापुढं आहेस, आता बाजूच्यापुढं. वहिनीनं दहा वेळा परीक्षा घेतली. दहाच्या दहा बरोबर. गणितात एवढे पडले असते तर मी आज कुठं असतो.

मंग एका दुपारी मी जमिनीवर आडवा पडलेलो. वहिनी आत भाकऱ्या थापत होती, थाप थाप आवाज येत होता. आई चुलीपाशी. तनू झोळीत. तिन्ही पंखे हाफवर.

मागला पंखा कोंडला.

मांजर असंल म्हणून मी डोळे उघडले नाय. जरा वेळानं मागला मोकळा झाला आणि बाजूचा कोंडला. मांजर एवढं उंच नसतं. डोळे उघडले. खोलीत कोणीच नव्हतं. पंखा फिरत होता, त्याच्यापुढं रिकामी जमीन. आणि आवाज गोधडीतला.

आत भाकऱ्यांची थाप चालूच होती.

३

मी काय लगेच घाबरणारा नाय. मशीन बिघडतं, त्याला कारण असतं. व्होल्टेज खाली-वर होत असंल. पात्याला जाळं लागलं असंल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला, ब्रशनं सगळं झाडलं, एक मेलेलं झुरळ काढलं आणि ते जपून ठेवलं, दादाच्या बुटासाठी.

दुपारी दोनला मागला कोंडला. मंग बाजूचा.

मंग मी दुरुस्तीवाल्याची रीत वापरली. मागला पंखा काढून बाजूला लावला, बाजूचा मागं. बिघाड पंख्यात असंल तर पंख्याबरोबर जागा बदलंल. त्यानं जागा बदलली नाय. आधी खिडकीकडली जागा कोंडली, मंग खोलीकडली. म्हणजे पंख्यात काय नव्हतं. जे होतं ते पंख्याच्या पुढं होतं, आणि खिडकीकडून आत येत होतं.

चौथ्या दिवशी बाजूचा पंखा अर्धा तास कोंडलेला राहिला. मी उठलो. जवळ जाऊन पंख्यापुढं हात धरला, वीतभर लांब. वारा लागला नाय. पंखा फिरतोय, डोळ्यांनी दिसतंय, वारा नाय. हात हळूहळू जवळ नेला. पंख्यापासून चार बोटांवर वारा लागला, नेहमीसारखा गरम.

चार बोटांवर वारा होता. वीतभर लांब नव्हता. मधल्या जागेत काय होतं ते मी चाचपून बघितलं नाय. हात काढला आणि खिशात घातला.

"काय करतोस रे तिथं?" वहिनी दारातून बोलली.

"वारा खातोय."

"खा. काम नको करू."

ती येऊन खुर्चीत बसली. बाजूचा पंखा मोकळा झाला. मागला मात्र कोंडला नाय. म्हणजे ते परत गेलं नव्हतं.

४

पुढला पंखा अजून कधी कोंडला नव्हता. त्याच्यापुढं हातभर अंतरावर झोळी. मला वाटलं, झोळीमुळंच तर हे होत नसंल ना. झोळी हालती, वारा उलटा फिरतो, आवाज बदलतो. असं असतं तर मी सुटलो असतो.

वहिनी तनूला डोस द्यायला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा मी रिकामी झोळी हलवून बघितली. जोरात हलवली, हळू हलवली. पंखे तसेच, मोकळे. झोळीचा काय दोष नव्हता.

आई धावत आली आणि पाठीत एक धपाटा घातला.

"रिकामी झोळी हलवतात का रे? पोरीचं पोट दुखंल."

"आई, मी तपासतोय."

"काय तपासतोस? कापड आहे ते. माझं लुगडं आहे."

तिनं झोळी दोन्ही हातांनी धरून थांबवली. पण तिला ती थांबवायला जरा जोर लावायला लागला. तिनं माझ्याकडं बघितलं, जसा काय मी पलीकडून ढकलतोय. माझे दोन्ही हात पाठीवर होते, धपाटा चोळत.

त्या दिवशी दुपारी दोनला मागला कोंडला नाय. बाजूचाही नाय. पुढला कोंडला.

तनू झोळीत झोपलेली. कोंडला असताना मी पुढल्याचा खटका मधी केला, बंद. मला एवढंच बघायचं होतं, पंखा थांबल्यावर काय होतं. पंखा हळू होत होत थांबला. पाती दिसायला लागली, सात पाती, एकावर पांढरा डाग. डाग वर होता.

मंग डाग उजवीकडं सरकला. हळूच, दोन बोटं. थांबला. परत डावीकडं आला, जिथं होता तिथं. थांबला. परत उजवीकडं.

पंख्याला वीज नव्हती. वारा एका बाजूनं आला तर पाती एकाच बाजूला फिरतात. ही जात होती आणि येत होती. मी तोंड उघडं ठेवून बसलेलो, आणि मला कळलं की मी पण त्याच चालीत श्वास घेतोय. आत, बाहेर. मी माझा श्वास धरून ठेवला.

डाग उजवीकडं गेला. डावीकडं आला.

५

"वहिनी, झोळी आतल्या खोलीत बांधूया."

"आत चुलीचा धूर. का?"

"इथं गरम होतं."

"तुला कधीपासून पोरीची काळजी रे?"

मंग मी तिला सगळं सांगितलं. खिडकी, चार बोटं, वीत, पांढरा डाग. कधी नव्हे ते एकही शब्द वाढवून बोललो नाय. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मंग खुर्चीवरून उतरली, टेबलाखाली वाकली आणि हातानं चाचपायला लागली.

"वायर कुठाय?"

"कसली वायर?"

"मला घाबरवायची. कुठून ओढतोस?"

"आईची शपथ, वायर नाय."

"देवजीकाकांच्या वेळी पण आईचीच घेतलीस. त्या बिचारीला किती वेळा मारशील?"

आई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती झोळीकडं बघत होती. सोललेली पाकळी तिनं सालांत टाकली आणि साल वाटीत.

"माझ्या पाच पत्रिका शुक्रवारी द्यायच्यात," वहिनी बोलली. "धसईत कोणी विचारत नव्हतं मला, आता किन्हवलीहून माणसं येतात. आणि तुला टिंगल सुचते." तिनं साबणाची डबी हातात घेतली आणि खटाखट तिन्ही खटके वर केले. फुल. गिरणी सुरू झाली. "सांग आता. कोंडलंय का काय?"

फुलवर काय कळत नाय. ते गेलं नव्हतं, फक्त आता ऐकायला येत नव्हतं.

तिनं डबीवर चिकटपट्टी गुंडाळली, खटके हलू नयेत म्हणून. बंद करायची सोयच राहिली नाय.

मला वाटलं, निदान आवाजानं तनू रडत उठंल, मंग वहिनी स्वतःच तिला आत नेईल. तनू उठली नाय. त्या घरघराटात चार वाजेपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत. वहिनी खूश.

"बघ, सवय झाली तिला," ती बोलली.

तिसऱ्या दिवशी दुपारचं दूध तनूनं मागितलंच नाय. संध्याकाळी मी तिला मांडीवर घेतली, नाक ओढलं, जीभ काढून दाखवली. एरवी खिदळायची. त्या दिवशी माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली. हाताला पण हलकी लागली. मी दादाला सांगितलं, पोरगी उतरलीय. दादा बोलला, उन्हाळा आहे.

मंग मी ठरवलं, दुपारी झोळीपासून उठायचं नाय. जे येईल ते माझ्या अंगावरून येईल. आता हे लिहिताना मोठं वाटतं. तेव्हा मी भिंतीला टेकून बसलेलो, हातात आईचं लाटणं.

६

आमच्याकडं लाईट सकाळी जायची आणि संध्याकाळी जायची, ठरलेल्या टायमाला. त्या गुरुवारी ती दुपारी दोनला गेली.

आई आणि वहिनी मागच्या अंगणात पापड लाटत होत्या. त्यासाठी आईनं माझ्याकडनं लाटणं काढून घेतलेलं. खोलीत मी आणि तनू. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून वहिनीनं खिडकीच्या काचांना पेपर चिकटवलेला, त्यामुळं स्क्रीन गेली तसा अंधार नाय पण तपकिरी उजेड राहिला. तिन्ही पंखे घरघरत खाली आले, खाली आले, थांबले.

एवढी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकली. मागून लाटण्यांचा आवाज आणि आईच्या बांगड्या.

मी पुढल्या पंख्याकडं बघितलं. पांढरा डाग खाली होता. हलत नव्हता. मी वीस मोजले. हलला नाय. बाजूचा बघितला, त्याची पाती पण गप्प. उठून मागला बघितला. गप्प.

मला हसू आलं. गेलं, मी मनात बोललो. लाईटीबरोबर गेलं.

मंग डोक्यात आलं की पंख्यापुढं नाय म्हणजे गेलं असं होत नाय. पुढल्या पंख्याच्याही पुढं एक जागा आहे.

वर आढ्याला झोळीची दोरी कुरकुरली. झोळी हलत नव्हती. डावीकडं नाय, उजवीकडं नाय. ती खाली येत होती. पोरीला ठेवून आई हात काढते तेव्हा कापड कसं ताणतं, तशी ताणत ताणत खाली आली, वीतभर, आणि थांबली.

माश्या बसू नयेत म्हणून झोळीच्या तोंडाला कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे. मी चिमटे काढले नाय, उपटले. आत बघितलं नाय. बघितलं असतं तर हात घातला नसता. दोन्ही हात घातले, दुपट्यात गुंडाळलेलं हाताला लागलं, ते उचललं आणि छातीशी घेतलं. गार होतं. तनूचे हातपाय झोपेत नेहमी गार असतात, असं मी स्वतःला सांगितलं.

पोर उचललं की झोळी वर येते. कापड सैल पडतं, चुरगळतं. कोणाच्याही घरात बघा.

आमची झोळी वर आली नाय. तशीच ताणलेली, खाली गोल फुगीर. माझ्या हातात दुपटं, आणि झोळीत वजन.

आणि झोळीतून तनू रडायला लागली.

७

तिचं रडणं मी कुठंही ओळखीन. सुरुवातीला दोनदा अडकतं आणि मंग लांब सूर लागतो. तीन दिवसांत पहिल्यांदा ती दुपारी रडत होती.

वहिनी धावत आली, हाताला पापडाचं पीठ. तिनं सरळ झोळीत हात घातला, तनूला काढलं, खांद्यावर टाकलं. झोळी वर आली. सैल पडली. "उगी, उगी, माझी बाय," ती तिची पाठ चोळत होती. "तुला लक्ष ठेवायला बसवलं आणि तू रडवतोस होय रे—"

ती वळली.

आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग माझ्या खांद्याकडं. तिनं टेबलाखाली बघितलं नाय, वायर कुठाय विचारलं नाय.

"भाव्या," ती एकदम हळू बोलली, "काय धरलंयस तू?"

"माहीत नाय."

"खाली ठेव."

मी वाकायला गेलो. माझी कॉलर ताणली. बारका हात होता, पण पकड बारकी नव्हती. मानेवर गार हवा लागली, लांब, मंग थांबली, मंग आत ओढली गेली. दुपट्यातलं डोकं माझ्या खांद्यावरून उठायला लागलं. ते तनूच्या रडण्याकडं वळत होतं.

माझं अंग आपोआप हाललं. घरात पोर असलं की सगळ्यांनाच ती सवय लागते, कोणी हातात दिलं की आपण डुलायला लागतो. मी डुललो. डोकं परत खाली टेकलं. पकड सैल झाली. मी थांबलो, तसं परत उठायला लागलं.

"वहिनी, तिला घेऊन जा," मी बोललो. "आईला पण ने. जनाबाईकडं जा, नाय तर आणखी लांब जा. ती रडतेय ते याला ऐकू येतंय."

"आणि तू?"

"मी हलवतोय तोवर गप्प आहे हे. जा गो. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक."

ती मागं मागं सरकत दारापर्यंत गेली. तनूचं तोंड तिनं छातीत दाबून धरलेलं. उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं दार ओढून घेईल, मी असतो तर ओढलं असतं. तिनं पायानं एक वीट सरकवली आणि दार उघडं राहील असं केलं. मंग अंगणात आईला काय तरी बोलली. लाटणं पडल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. तनूचं रडणं पण रस्त्यापर्यंत गेलं, आणि मंग ऐकू यायचं बंद झालं.

मी त्या तपकिरी उजेडात डुलत राहिलो. दाराकडं एक पाऊल टाकलं की कॉलर ताणायची, म्हणून जागेवरच. आईचं एक गाणं आठवलं, त्याचे शब्द मला येत नाय, नुसतं हूं हूं केलं. त्याला आवडलं असावं. मानेवरचा श्वास लांब लांब व्हायला लागला.

झोप लागली की पोर हाताला जड होतं, हे कोणीही सांगंल. हे जड होत होतं. मी हात बदलला. मंग दोन्ही हात लावले. मंग कंबर मागं वाकवून धरायला लागलो. मान वळवली नाय. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो, एकेक तारीख, आणि हूं हूं चालू ठेवलं.

दुपट्यातून एक पाय बाहेर सुटला. खाली लोंबला, आणि माझ्या गुडघ्याला लागला.